लाटेक: अकरा वर्षं वापरून झाल्यावर

जूनमध्ये प्रबंध जमा केला. २३८ पानं, ४१ आकृत्या, २९ तक्ते, १७६ संदर्भ आणि मराठी शब्दांची साडेतीनशेच्या वर उदाहरणं. पाच प्रती, काळं रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरं. हे सगळं ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलं त्याच्याबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं. पण प्रबंध हातावेगळा होईपर्यंत त्याचं कौतुक करवत नव्हतं, आणि नावं ठेवायची भीती वाटायची. ऐन सबमिशनच्या रात्री रुसलं असतं तर कुणाच्या पाया पडणार?

तर लाटेक. घरी मी 'लाटेकवर बसलेय' म्हटलं की सासूबाईंना गादी आठवते. कॉलेजात निम्मे लोक 'लॅटेक्स' म्हणतात, तेव्हा हातमोजे आठवतात. ज्या 'टेक'वर हे उभं आहे त्याचे कर्ते डोनाल्ड नुथ यांचं म्हणणं असं की नावातलं शेवटचं अक्षर इंग्रजी एक्स नाही, ग्रीक आहे, आणि उच्चार घशातून यायला हवा, म्हणजे 'टेख'च्या जवळपास. आपल्या वर्णमालेत ख आयता असून आपण टेक म्हणतो. असो.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: यात पडद्यावर पान दिसत नाही. साध्या मजकुराची फाइल असते, तिच्यात लिहायचं, आणि मध्ये मध्ये उलट्या तिरक्या रेघेने सुरू होणाऱ्या आज्ञा द्यायच्या. हे प्रकरणाचं नाव, ही तळटीप, इथे समीकरण. मग कंपाइल करायचं. सगळं ठीक असेल तर पीडीएफ बाहेर येते. ठीक नसेल तर काय बाहेर येतं त्यावर पुढे लिहिलं आहे. किंमत शून्य रुपये. पूर्ण संच, म्हणजे टेक लाइव्ह, उतरवायला पाच जीबीच्या वर जागा लागते, आणि शिकायला किती संध्याकाळी लागतात ते मी मोजणं २०१५ मध्येच सोडलं.

माझी वाट थोडी वाकडी आहे, ती सांगितल्याशिवाय हे परीक्षण एकांगी वाटेल. २००७ ला बीई झाले, तीन वर्षं हिंजवडीत एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिलं, मग एमटेक, आणि २०१२ पासून विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. २०१८ ला पीएचडीला नाव नोंदवलं, नोकरी सांभाळून. मुदत सहा वर्षं आणि बायकांना वरची दोन, त्यातलं एक मी वापरलं. मधे एक बाळंतपण, एक करोना, आणि नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, दोन वर्षं, ज्यात मी संशोधन केलं असं म्हणण्यापेक्षा फायली लावल्या असं म्हणणं खरं.

एमटेकचा प्रबंध मी लाटेकमध्ये लिहिला नव्हता. एकच मोठी 'डॉक' फाइल होती. सबमिशनच्या आदल्या रात्री अडीच वाजता, विद्यापीठाजवळच्या टायपिंगच्या दुकानात, तिसऱ्या प्रकरणातली एक आकृती काढली आणि पुढच्या सगळ्या आकृत्यांचे क्रमांक हाताने बदलत बसले. दुकानाचा मालक चहा सांगून म्हणाला, "मॅडम, सगळ्यांचं असंच होतं." चूक माझीच होती, क्रमांक आपोआप येण्याची सोय त्यातही होती आणि मी ती वापरली नव्हती. पण अडीच वाजता माणूस न्यायबुद्धीने विचार करत नाही. मी ठरवलं, हे पुन्हा नाही.

प्रत्यक्षात लाटेक हाती आलं ते संशोधनामुळे नाही, पेपर काढण्यामुळे. २०१४ मध्ये मी काढलेल्या ७० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत ७२ गुणांचे प्रश्न निघाले. परीक्षा चालू असताना मागच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. त्या संध्याकाळी एका सहकाऱ्याने लाटेकमधला 'एक्झाम' नावाचा क्लास, म्हणजे तयार साचा, दाखवला. प्रश्नापुढे गुण लिहायचे, बेरीज तो करतो. उत्तरंही तिथेच प्रश्नाखाली लिहून ठेवायची आणि एक शब्द बदलला की त्याच फाइलमधून विद्यार्थ्यांची प्रत वेगळी, तपासनिसांची वेगळी. मी त्या रात्री जेवण विसरले. अकरा वर्षांत सदतीस पेपर काढले, बेरीज एकदाही चुकली नाही. बाकी काय काय चुकलं ते विद्यार्थ्यांना विचारा.

आता अप्पांबद्दल सांगायला हवं, कारण या सॉफ्टवेअरचे माझ्या घरातले खरे परीक्षक तेच.

अप्पा सांगलीच्या एका छापखान्यात सव्वीस वर्षं कंपोझिटर होते. डाव्या हातात स्टिक, उजव्या हाताने केसमधले, म्हणजे कप्प्यांच्या पेटीतले, अक्षरांचे खिळे उचलायचे, ओळ जुळवायची, आणि ओळ रुंदीला बरोबर बसावी म्हणून शब्दांच्या मधे स्पेसा घालायच्या. इंग्रजीला दोन केसा पुरतात, एक वरची एक खालची. मराठीला जोडाक्षरं, मात्रा, वेलांट्या धरून कप्पेच कप्पे. १९९४ मध्ये छापखान्यात कॉम्प्युटर आला, मालकांनी अप्पांना बायंडिंगकडे बसवलं, आणि त्यानंतर छापलेलं काहीही हातात आलं की अप्पा आधी वाचत नाहीत, तिरकं धरून बघतात.

नुथ यांची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा ते पहिल्यांदा या विषयात कान देऊन बसले. १९७७ मध्ये नुथ यांच्याकडे त्यांच्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांवर छापलेली, ही फोटो टाइपसेटिंगच्या नव्या यंत्रावर. त्यांना ती बघवेना. माणूस गणिती आणि कॉम्प्युटरवाला, म्हणून स्वतःच अक्षरजुळणीचा प्रोग्राम लिहायला बसला. वर्षभरात आटपेल असं वाटलेलं काम दहा वर्षं चाललं. (हे शेवटचं वाक्य मला पीएचडीच्या सहाव्या वर्षी फार धीर द्यायचं.) अप्पा एवढंच म्हणाले, "त्याला तरी प्रोग्राम लिहिता येत होता."

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला टेकवर सोप्या आज्ञांचा थर चढवला, ते लाटेक. आपण सगळे वापरतो ते हे.

टेक काय करतं ते अप्पांच्या कामाशी ताडून बघितलं की नीट कळतं. कंपोझिटर ओळीमागून ओळ जुळवतो. या ओळीत बसतील तेवढे शब्द घ्यायचे, उरलेली जागा स्पेसांनी भरायची, पुढच्या ओळीला लागायचं. आपल्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्येही साधारण हेच चालतं. आता एखाद्या ओळीच्या शेवटी लांबलचक शब्द आला, बसत नाही, खाली गेला, की वरच्या ओळीत शब्दांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी. मी अप्पांना विचारलं, असं झालं की तुम्ही काय करायचात? म्हणाले, "तीन ओळी मागं जायचं. तिथनं एक शब्द खाली ढकलायचा, मग सगळं पुन्हा जुळवायचं. मालक बघत नसला तर."

टेक पूर्ण परिच्छेद एकदम बघतं. ओळ कुठे कुठे तोडता येईल त्या सगळ्या जागा काढतं, प्रत्येक संभाव्य ओळीला ती किती ताणली किंवा आवळली त्यावर दंड लावतं, शब्द मध्येच तोडला तर वेगळा दंड, लागोपाठ दोन ओळींत तोडला तर आणखी. मग एकूण दंड सर्वांत कमी होईल अशी वाट निवडतं. नुथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ मध्ये यावर निबंध लिहिला. ज्यांनी अल्गोरिदम्सचा पेपर दिला आहे त्यांनी ओळखलं असेल: हे डायनॅमिक प्रोग्रामिंग. मी तिसऱ्या वर्षाला हा विषय शिकवते आणि पाच वर्षांपासून मॅट्रिक्सच्या गुणाकाराची साखळी बाजूला ठेवून आधी हाच दाखला देते. फळ्यावर मराठी परिच्छेद, वर्गातल्या अर्ध्यांनी ग्रीडी पद्धतीने, म्हणजे ओळीमागून ओळ भरत, तोडायचा, अर्ध्यांनी दंड मोजून. ग्रीडीवाल्यांचं आधी होतं आणि ते हसतात. मग शेवटून दुसऱ्या ओळीत 'विद्यार्थ्यांच्याबरोबरसुद्धा' येतो.

मराठीचं हे दुखणं आहेच. आपण शब्दाला इतक्या शेपट्या लावतो की इंग्रजीच्या दोन ओळी एका शब्दात मावतात, आणि मग पानाच्या उजव्या समासाबाहेर अक्षरं लोंबतात. टेक त्याची रीतसर तक्रार लॉगमध्ये नोंदवतं: 'ओव्हरफुल एचबॉक्स', एवढे पॉइंट जास्त, अमुक ओळीत. मराठी शब्द कुठे तोडायचे त्याचे नमुने टेक लाइव्हमध्ये आहेत, संतोष तोट्टिंगल यांनी मल्याळम आणि इतर भारतीय भाषांबरोबर केलेले. 'पॉलिग्लॉसिया' पॅकेजमध्ये मराठी निवडली की ते लागू होतात. तरी माझ्या प्रबंधात शेवटी शेवटी अकरा ओव्हरफुल राहिले. त्यातले नऊ मी वाक्य बदलून घालवले, म्हणजे अक्षरजुळणीसाठी संशोधनाची भाषा वाकवली. हा गुण की दोष, ठरवता आलेलं नाही.

देवनागरीसाठी जुनं लाटेक वापरू नका, झीलाटेक किंवा लुआलाटेक वापरा. झीटेक हे जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये आणलं, त्यामुळे युनिकोडमध्ये सरळ मराठी टाइप करता येतं आणि कॉम्प्युटरमधला कुठलाही फाँट चालतो. त्याआधी फेल्टहाउस यांच्या पॅकेजात रोमन अक्षरांत मराठी लिहून ती देवनागरीत बदलावी लागायची. मी एकदा करून पाहिलं, पुन्हा नाही केलं.

२०१९ मध्ये मी उदाहरणांचं पहिलं पान छापून अप्पांना दिलं. तिरकं धरलं. चष्मा काढला, पुन्हा लावला.

"हा ल कुठला?"

मला कळेना. त्यांनी पेन्सिलीने पाठकोऱ्या कागदावर दोन ल काढून दाखवले. आपला ल दोन वाटोळ्या पोटांचा, आणि माझ्या पानावरचा हिंदी वळणाचा, दांडीला टेकलेला. श चंही तेच. मी चाळिशीकडे निघाले होते, इतकी वर्षं कॉम्प्युटरमध्ये होते, आणि रोज समोर असलेला ल मी पाहिलेला नव्हता. शोधल्यावर कळलं की काही फाँटांत दोन्ही वळणं भरलेली असतात, आणि फाँट निवडताना भाषा मराठी असं स्पष्ट सांगितलं नाही तर हिंदी वळण येतं. एक शब्द. तो घातला आणि सगळे ल सरळ झाले. मग अप्पांनी रफार तपासले. आचाऱ्याला आणि आचार्याला वेगळं दिसतंय ना? दिसत होतं. दऱ्या, सुऱ्या, तऱ्हा, सगळे आडवे रफार जागेवर. शेवटी मी 'यशोमुद्रा' फाँट घेतला, राज्य मराठी विकास संस्था आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसी या विभागाने काढलेला. अप्पांनी तो पास केला. त्यांच्या भाषेत पास म्हणजे काहीच बोलले नाहीत.

संशोधन माझं याच शेपट्यांवर आहे. 'घरातल्यांनाही' या शब्दातून 'घर' बाहेर काढायचं. मधे 'घरा' हे सामान्यरूप, मग त, मग ल्यां, मग ना, मग ही. माणूस हे एका नजरेत करतो, मशीनला शिकवावं लागतं. शिकवायला आणि तपासायला नमुने लागतात, आणि मी सुरुवात केली तेव्हा मराठीसाठी हाताने खुणा केलेला मजकूर फार थोडा होता. 'युनिव्हर्सल डिपेंडन्सीज' या प्रकल्पातल्या मराठी संचात ४६६ वाक्यं आहेत. वाक्यं, हजार नव्हेत. त्यातली तपासणीसाठी बाजूला काढली की हातात उरतं ते लग्नाच्या याद्यांएवढं. म्हणून पहिली तीन वर्षं मी नियम लिहिले आणि खुणा करत बसले.

आणि २०२२ उजाडलं. पुण्याच्याच एलथ्रीक्यूब गटाने महाकॉर्पस हा मराठी मजकुराचा साठा जाहीर केला, जवळजवळ अडीच कोटी वाक्यांचा, आणि त्यावर शिकवलेलं महाबर्ट हे भाषेचं मॉडेल. माझं चौथं प्रकरण तेव्हा लिहून पूर्ण झालं होतं. माझे गाइड सर म्हणाले, "याच्याशी तुलना केल्याशिवाय कोणी बाहेरचा परीक्षक सोडणार नाही." खरंच होतं. प्रयोग पुन्हा करायला सात आठवडे लागले. पण प्रकरण बदलायला लागली एक संध्याकाळ, आणि माझे साडेतीन तारे मुख्यतः त्या संध्याकाळचे आहेत.

कारण त्याआधीच एकदा पोळले होते. २०२० मधल्या एका पेपरात तक्त्यात दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती. पडद्यावरून बघून टाइप केलेले आकडे, रात्रीचे अकरा, शेजारी रडणारी मुलगी. रिव्ह्यूअरने बरोबर पकडलं आणि मोठ्या सभ्यपणे विचारलं की पद्धतीने कामगिरी सुधारते हा दावा तक्ता दोनमध्ये उलटा का दिसतो. तेव्हापासून मी एकही आकडा हाताने लिहीत नाही. प्रयोग संपला की पायथनचा प्रोग्राम निकालाचा तक्ता लाटेकच्या भाषेतच एका छोट्या फाइलीत लिहितो, आणि प्रकरणात फक्त 'ती फाइल इथे घे' अशी एक ओळ असते. मजकुरात जिथे 'इतके टक्के' येतं, तो आकडाही तिकडूनच येतो. महाबर्टचे निकाल आले, प्रोग्राम चालवला, कंपाइल केलं, आणि नऊ तक्ते, चार आलेख, सारांशातले दोन आकडे एकदम बदलले. आकृत्यांचे क्रमांक अर्थातच आपोआप. अडीच वाजताचं टायपिंगचं दुकान आठवलं.

सगळं साध्या मजकुरात असल्याने गिटमध्ये ठेवता येतं, हे कॉम्प्युटरवाल्यांना सांगायला नको. इतरांसाठी: कुठल्या दिवशी कुठलं वाक्य बदललं ते सगळं राहतं. सरांनी मार्चमध्ये काढायला लावलेला परिच्छेद ऑगस्टमध्ये त्यांनीच परत मागितला, तेव्हा तो तिथे होता. 'लाटेकडिफ' नावाचं साधन दोन आवृत्त्यांतला फरक रंगवून दाखवतं, खोडलेलं लाल, घातलेलं निळं. सरांना हे आवडतं. सरांना लाटेक येत नाही, शिकायचंही नाही, ते छापील कागदावर लाल पेनाने लिहितात, आणि त्यांचं अक्षर हा वेगळ्या परीक्षणाचा विषय आहे.

स्लाइडसाठी 'बीमर'. हे टिल टांटाऊ यांनी स्वतःच्या पीएचडीच्या सादरीकरणासाठी फेब्रुवारी २००३ मध्ये बनवलं. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या तोंडावर माणूस स्लाइड करायच्या ऐवजी स्लाइड करायचं सॉफ्टवेअर लिहितो, हे फक्त पीएचडी करणाऱ्यालाच समजेल. आकृत्यांसाठीचं 'टिक्झ' हेही त्यांचंच, आणि त्या नावाचं जर्मन पूर्ण रूप आहे 'टिक्झ हा चित्रं काढायचा प्रोग्राम नाही'. अगदी खरं आहे. झाडाची एक फांदी चार मिलिमीटर डावीकडे न्यायला मला चाळीस मिनिटं लागली आहेत.

आता नावं ठेवायचं बघू.

पहिलं, चुकांचे निरोप. एक महिरपी कंस बंद करायचा राहिला तर निरोप येतो तो फाइलच्या शेवटच्या ओळीचा, चूक असते बाराव्या पानावर. 'मिसिंग डॉलर इन्सर्टेड' हा निरोप पहिल्या वर्षाच्या मुलाला दाखवला तर त्याला वाटलं पैसे भरायचेत. कंपनीत असताना आम्ही असे निरोप देणारा कोड रिव्ह्यूत परत पाठवला असता.

दुसरं, आकृत्या कुठे जातील याचा भरवसा नाही. तुम्ही लिहिता 'खालील आकृतीत', आकृती जाते तीन पानं पुढे, कारण लाटेकच्या मते तिथे ती शोभते. नवखे लोक 'इथेच ठेव' अशी आज्ञा उद्गारचिन्हासह देतात. ते उद्गारचिन्ह म्हणजे विनवणी आहे, हुकूम नाही.

तिसरं, तक्ते. मराठीत दोन रकाने एकत्र करून आत दोन ओळी, एवढं साधं काम. मी दरवेळी जुनी फाइल उघडून तिथून उचलते. अकरा वर्षांनंतरही.

चौथं फक्त मराठीवाल्यांसाठी, आणि हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. झीलाटेकच्या पीडीएफमधून देवनागरी मजकूर कॉपी करून पाहा. वेलांट्या एकीकडे, अक्षरं दुसरीकडे. कागदावर सुंदर, आत भुसा. प्रबंध साम्य तपासणीला गेला (यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत सूट आहे) तेव्हा ग्रंथालयातून फोन आला, "मॅडम, तुमच्या अहवालात मराठीच्या जागी चौकोन येतायत, फाइल खराब आहे का?" दोन दिवस गेले. झीटेकमध्ये एक स्विच आहे, 'जनरेट अॅक्चुअल टेक्स्ट', तो एक केला की पीडीएफच्या पोटात खरा मजकूरही जातो. माझ्या फाइलीत आता ती पहिलीच ओळ आहे. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात, जाणार, तिथे पुढे कोणी 'सामान्यरूप' शोधलं तर सापडायला नको?

पाचवं किरकोळ, पण चिडवतं: संदर्भसूचीत 'बिबटेक' इंग्रजी शीर्षकांतली मोठी अक्षरं लहान करून टाकतं. बर्टचं नाव आणि मराठीचं नाव दोन्ही लहान लिपीत. प्रत्येकाला जास्तीचा महिरपी कंस. १७६ संदर्भांत मी किती कंस घातले ते विचारू नका.

टिकाऊपणाबद्दल मात्र बोलायची सोय नाही. टेकचा आवृत्ती क्रमांक दर दुरुस्तीला पायच्या किमतीकडे एक अंक सरकतो, सध्या ३.१४१५९२६५३ आहे. टेकमधली चूक पहिल्यांदा शोधणाऱ्याला नुथ यांनी ३२७.६८ डॉलरचं बक्षीस ठेवलं, आणि त्यांनी सांगून ठेवलंय की आपल्या पश्चात आवृत्ती पाय होईल आणि उरलेल्या चुका वैशिष्ट्यं समजाव्यात. टेक स्वतः गोठलेलं आहे. भोवतीची पॅकेजं नाहीत, त्यातली दोन माझ्या अंगावर आली. पण २०१४ ची ती पहिली प्रश्नपत्रिका मी परवा कंपाइल केली, आणि ती तशीच्या तशी आली. कंपनीत तीन वर्षांत लिहिलेल्या कोडची एक ओळसुद्धा आज कुठे चालत असेल असं मला वाटत नाही.

कोणी घ्यावं? गणित, संगणक, भौतिकशास्त्र यांतल्यांना विचारायचं कारण नाही. भाषाशास्त्रवाल्यांनी नक्की, ओळीखाली ओळ लावून दाखवायची उदाहरणं यात फार नेटकी येतात. ज्यांचे गाइड फाइलमध्येच दुरुस्त्या करून पाठवतात त्यांनी आधी गाइडना विचारा. ज्यांचं सबमिशन तीन महिन्यांवर आलंय त्यांनी कृपा करून हात लावू नये. विद्यार्थ्यांना सुरुवातीला ओव्हरलीफ बरं, काही उतरवावं लागत नाही, ब्राउझरमध्ये चालतं, आणि वर्गात साठ मुलांच्या साठ तऱ्हेच्या लॅपटॉपांवर इन्स्टॉल करत बसण्याचा माझा तास वाचतो.

तारे साडेतीन. अर्धा तक्त्यांचा कापला, एक निरोपांचा.

आमच्या विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे समास, दीड पट ओळींचं अंतर, प्रमाणपत्रांची पानं, असं सगळं बसवून मी एक क्लास फाइल केली आहे, १८० ओळींची. विभागातल्या सहा जणांकडे ती गेली. परवा त्यातल्या एकीचा फोन आला, रडकुंडीला आलेली. नवं परिपत्रक निघालंय, बायंडिंगकडचा समास दीड इंचाऐवजी सव्वा इंच हवा, तिची १९० पानं तयार आहेत.

"ताई, आता सगळं परत करावं लागणार का?"

"ओळ चौदा," मी म्हटलं. "दीडचा सव्वा कर."

पाच मिनिटांनी तिचा मेसेज आला: 'झालं. पण सात ओव्हरफुल एचबॉक्स होते ते गेले आणि वेगळेच चार आले.'